गळाला लावायचा मासा

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत तळ्याकाठच्या एखाद्या पेट्रोल पंपावर थांबले, तर शीतपेयांच्या फ्रीजशेजारी पाण्याची टाकी घरघरत असलेली पुष्कळदा दिसते. तीत बोटाएवढे रुपेरी मासे गर्दी करून फिरत असतात आणि ते डझनाच्या भावाने विकले जातात. हे मासे खायचे नसतात. गिऱ्हाईक ते बादलीत घालून तळ्यावर नेते, एकेक करून गळाला जिवंत टोचते आणि वॉलआय, बास किंवा पाइक अशा मोठ्या शिकारी माशाची वाट बघत बसते.

या बारीक मासळीला तिकडे सरसकट ‘मिनो’ म्हणतात. शास्त्रज्ञांच्या लेखी त्यात वेगवेगळ्या अनेक जाती येतात; बहुतेक आपल्या रोहू-कटल्याच्या दूरच्या नात्यातल्या. पण पट्टीचे गरवणारे टाकीतल्या माशावर फारसे खूश नसतात. ज्या नदीत मोठा मासा धरायचा, तिला मिळणाऱ्या ओढ्यातलीच मासळी गळाला लावावी, असे त्यांचे म्हणणे. मोठ्या माशाला तीच खायची सवय असते आणि वाहत्या पाण्यात वाढलेला मासा गळावर अधिक वेळ तग धरतो. शिवाय ओढ्यात उतरून आमिष पकडणे हा एक स्वतंत्र छंदच आहे. काहींना तर तळ्यावरच्या शिकारीपेक्षा त्याचीच गोडी जास्त.

ओढ्यातल्या या मासळीचा म्होरक्या म्हणजे ‘क्रीक चब’. अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागात व कॅनडाच्या दक्षिणेकडे जवळजवळ प्रत्येक लहान ओढ्यात तो सापडतो. रुंद तोंड आणि पाठीवरच्या पराच्या मुळाशी काळा ठिपका, ही त्याची खूण. एरवी तो वीतभर असतो. क्वचित फूटभर होतो. लहान चब बास माशासाठी, मोठा चब कॅटफिश आणि मस्कीसाठी. मस्की हा पाइकच्या कुळातला, चार फुटांहूनही मोठा होऊ शकणारा दांडगा मासा. त्याला बोटभर मिनो दाखवून काही उपयोग नसतो.

हा चब नुसते आमिष म्हणून बघण्यासारखा प्राणी नाही. वसंतात पाणी जरा उबदार झाले की नराच्या डोक्यावर कठीण, टोकदार पुटकुळ्या उठतात. मग तो ओढ्याच्या तळाशी खड्डा करायला लागतो. तोंडाने एकेक गोटा उचलून तो खड्ड्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडून येते तिकडे, नेऊन ठेवतो. मादी खड्ड्यात अंडी घालते, नर त्यांवर गोटे पसरतो आणि त्यासाठी खालच्या अंगाचे गोटे उचलताना नवा खड्डा तयार होतो. असे होत होत खड्डा प्रवाहाच्या दिशेने सरकत जातो आणि मागे गोट्यांचा लांबट बांध उरतो. दुसरा नर आला तर डोक्यावरच्या पुटकुळ्या कामाला येतात. या आयत्या, स्वच्छ धुतलेल्या गोट्यांत ओढ्यातल्या इतर लहान जातीही आपली अंडी घालून जातात. त्यामुळे वसंतात जाळे घेऊन ओढ्यात शिरणाऱ्याने असा बांध तुडवला, तर एका चबचेच नव्हे, चार घरांचे नुकसान होते. जाणकार माणूस बांध दिसला की काठावरून वळसा घालतो.

मासळी पकडायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे सापळा. तारेच्या जाळीचे आडवे पिंप, साधारण दीड फूट लांब. दोन्ही तोंडांना आत वळलेली नसराळी आणि नसराळ्याच्या टोकाला इंचभर भोक. आत पावाचा तुकडा किंवा कुत्र्याची बिस्किटे टाकतात. वासाने आलेला मासा रुंद तोंडातून सहज आत शिरतो. बाहेर पडताना मात्र भिंतीच्या कडेकडेने फिरत राहतो आणि मधोमध असलेले भोक त्याला गवसत नाही. पहिल्या पावसात कोकणातल्या ओहोळांत चढणीच्या माशांसाठी बांबूचे सापळे लावतात, त्यांच्यामागेही हीच युक्ती. एके काळी अमेरिकेत हे सापळे काचेचे असत. व्हर्माँटची ऑर्व्हिस कंपनी ते बनवायची आणि आज जुन्या वस्तूंचे शौकीन त्यांना चांगली किंमत मोजतात.

सापळा कुठे ठेवायचा यात खरी अक्कल. पाणी गोट्यांवरून खळखळत येऊन जिथे मंदावते, ती जागा चांगली. काठाच्या झाडाची मुळे पाण्यात लोंबत असतील तर आणखी चांगली. मासे प्रवाहाकडे तोंड करून उभे असतात आणि पावाचा वास खाली वाहत जातो. म्हणून सापळा प्रवाहाच्या रेषेत ठेवतात, म्हणजे वासाचा माग काढत वर येणाऱ्या माशाला खालचे तोंड समोरच मिळते. तासाभरात काम होते. रात्रभर सापळा विसरून जाणारेही असतात, पण ते वाईट. आत कासवाचे पिल्लू शिरले तर हवेअभावी बुडून मरते, आणि चिंगाटीसारखे क्रेफिश शिरले तर सकाळी मासे अर्धवट कुरतडलेले मिळतात.

दुसरी रीत दोघांनी करायची. दोन काठ्यांना बांधलेले ओढजाळे एकाने आडवे धरायचे आणि दुसऱ्याने वरच्या अंगाने गोटे हलवत, पाणी ढवळत यायचे. मोठा चब मात्र सापळ्याच्या इंचभर भोकात मावत नाही आणि जाळ्यालाही सहज सापडत नाही. त्याच्यासाठी बारीक गळाला गांडुळाचा तुकडा लावतात. म्हणजे गांडूळ देऊन चब घ्यायचा आणि चब देऊन मस्की. आमिषासाठी आमिष लावण्याचा हा प्रकार परक्याला गमतीचा वाटतो, तिकडे तो रोजचा आहे.

मासे मिळाले की कसोटी लागते त्यांना जिवंत ठेवण्याची. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो; गोठणबिंदूजवळच्या एका लिटर पाण्यात तो चौदा मिलिग्रॅमहून अधिक मावतो, तर 30 अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. त्यात गरम पाण्यात माशाची प्राणवायूची गरजही वाढते. उन्हात ठेवलेल्या बादलीतले मासे तोंड वर काढून हवेसाठी धडपडू लागतात ते याच दुहेरी ओढाताणीमुळे. म्हणून बादली सावलीत ठेवायची, गर्दी करायची नाही, बॅटरीवरच्या छोट्या पंपाने बुडबुडे सोडायचे. आणि नळाचे पाणी थेट कधीच ओतायचे नाही. माणसाला निर्धोक असलेले क्लोरीन माशाचे कल्ले जाळते.

हाताळणीतला आडदांडपणाही महागात पडतो. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावून पुढे 1973 साली नोबेल मिळवणारे कार्ल फॉन फ्रिश यांनी 1938 साली युरोपातल्या मिनोंबद्दल एक शोध प्रसिद्ध केला. कातडीला इजा झालेला एक मासा कळपात सोडला की सगळा कळप घाबरून पांगतो. जखमी कातडीतून पाण्यात मिसळणारे द्रव्य धोक्याची वर्दी देते. पुढे अमेरिकेतल्या ‘फॅटहेड मिनो’वर प्रयोग झाले, तेव्हा उलटी बाजूही दिसली: त्याच वासाने पाइक मासा जवळ येतो. इतर मिनोंना पळायला लावणारी वर्दी शिकाऱ्याला आमंत्रणासारखी वाटते. गळावरच्या जिवंत माशाची सारी किमया या विसंगतीत आहे. त्याची वेडीवाकडी धडपड आणि त्याचा वास दोन्ही मोठ्या माशाला ओढून आणतात.

फिनलंडच्या लाउरी रापाला या गरीब कोळ्याने यातली धडपडच तेवढी उचलली. शिकारी मासे कळपातला नेमका लंगडत पोहणारा मासा टिपतात, हे त्याने तळ्यावर पाहिले होते. 1936 साली त्याने बुचाच्या सालीचा एक मासा कोरला. त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली, वर वितळवलेल्या फोटोफिल्मचा थर दिला आणि तो पाण्यात तसाच डगमगत चालेल असे बघितले. 1962 साली ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या ज्या अंकाच्या मुखपृष्ठावर मेरिलिन मन्रो होती, त्याच अंकात या खोट्या माशावर लेख आला आणि अमेरिकेतून मागण्यांचा पूर लोटला. तरी खऱ्या मिनोंचा धंदा बसला नाही. आर्कन्सा राज्यातल्या लोनोक परिसरात आजही एकरच्या एकर तळ्यांत गोल्डन शायनर, फॅटहेड आणि गोल्डफिश केवळ आमिष म्हणून वाढवले जातात आणि प्राणवायूच्या टाक्या जोडलेल्या ट्रकांतून देशभर जातात. आमिषाच्या मासळीत हे राज्य अमेरिकेत पहिले आहे. पेट्रोल पंपावरच्या टाकीतला मासा बहुधा असाच परगावचा असतो.

आपल्याकडे मरळ धरायला जिवंत बेडूक किंवा बारीक मासा लावणारे गावोगाव भेटतात. पण जिवंत आमिषावर सगळा संसार उभा आहे तो लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटाचा. तिथले कोळी कुपा, म्हणजे टूना, धरायला जाळे टाकत नाहीत. प्रवाळाच्या कोंदणातल्या उथळ पाण्यातून ते आधी बोटभर मासळी पकडतात आणि होडीतल्या, समुद्राचे पाणी खेळते ठेवणाऱ्या टाकीत भरून घेतात. भर समुद्रात कुप्यांचा थवा दिसला की ही मासळी मुठीने उधळायची, वर पाण्याचे फवारे मारायचे आणि खवळलेल्या थव्यातून काठीच्या गळाने एकेक मासा होडीत उडवायचा. उकडून, धुरावून, वाळवून केलेली ‘मासमीन’ याच माशाची. तिथे आमिष मिळाले नाही तर होडी समुद्रात जाण्यात अर्थच उरत नाही.

मिनिकॉयचे आमिष ज्या समुद्रातले, त्याच समुद्रात खर्ची पडते. अमेरिकेतल्या बादलीचे तसे नाही. ती मोटारीतून एका नदीवरून दुसऱ्या नदीवर जाते. दिवस संपला की तळाशी पाच-सहा मासे उरलेले असतात. त्यांना मारणे जिवावर येते, म्हणून माणूस ते समोरच्या पाण्यात सोडून देतो. सगळा घोटाळा या दयेतून झाला आहे.

टेक्सस आणि न्यू मेक्सिकोतून वाहणाऱ्या पेकॉस नदीत ‘पेकॉस पपफिश’ नावाचा दोन इंची मासा राहत असे. 1980 च्या सुमारास तिथे समुद्रकिनाऱ्याकडचा ‘शीप्सहेड मिनो’ येऊन पोचला, बहुधा कुणाच्या तरी आमिषाच्या बादलीतून. दोघांचा संकर होऊ लागला आणि काही वर्षांतच टेक्ससमधल्या शेकडो किलोमीटर पात्रातला अस्सल पपफिश संकरित माशांत विरघळून गेला. मेलेल्या माशांचा खच पडला नाही की पाण्याचा रंग बदलला नाही. तपासणी झाली नसती तर कुणाला पत्ताही लागला नसता.

2005 आणि 2006 साली अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या पंचमहासरोवरांत मात्र खच पडला. ‘व्हीएचएस’ नावाच्या विषाणूने माशांच्या अंगात रक्तस्राव होऊन ते किनाऱ्याला लागू लागले. माणसाला या विषाणूचा त्रास नाही, पण आमिषाच्या मासळीतून तो नव्या पाण्यात जाऊ शकतो हे ध्यानात येताच अमेरिकेच्या केंद्र सरकारने ऑक्टोबर 2006 मध्ये त्या भागातून जिवंत माशांच्या वाहतुकीवर निर्बंध घातले. दुसरी धास्ती सिल्व्हर कार्पची. महाराष्ट्रातल्या मत्स्यतळ्यांत ‘चंदेरा’ म्हणून जो मासा हौसेने सोडतात, तोच. मिसिसिपीच्या खोऱ्यात तो बेसुमार माजला आहे आणि त्याची पिल्ले आमिषाला वापरल्या जाणाऱ्या शॅड माशासारखी दिसतात. बादलीत चुकून चारदोन आली तर सरोवरांचे दार उघडलेच. आपल्यालाही हे अगदीच परके नाही. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून दक्षिण अमेरिकेतले गप्पी मासे आपण वर्षानुवर्षे विहिरी-डबक्यांत सोडत आलो; ते तिथून ओढ्यात गेले तर काय, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही.

ओढ्यातला मासा त्याच ओढ्याच्या पाण्यात वापरावा, हा गरवणाऱ्यांचा जुना आग्रह आता न्यूयॉर्कसारख्या राज्यांत जवळपास कायदाच झाला आहे. रोगमुक्तीचा दाखला नसलेली, स्वतः पकडलेली मासळी तिथे साधारणपणे पकडली त्याच पाण्यात वापरता येते. पेनसिल्व्हेनियाने दिवसाला 50 माशांची मर्यादा घातली आणि सापळ्याची भोके इंचाहून मोठी नसावीत असे ठरवून दिले. जर्मनी आणि नॉर्वे यांनी वेगळ्याच कारणाने, माशाला होणाऱ्या यातनांचा विचार करून, जिवंत मासा गळाला लावण्यावर बंदी आणली. अमेरिकेत तो मुद्दा अजून मागेच आहे. तिथली भांडणे रोगाची आणि परक्या जातींची.

मिनेसोटात बाहेरच्या राज्यातून जिवंत मिनो आणायलाच मनाई आहे. उरलेले आमिष कचऱ्याच्या डब्यात टाकायचे, पाण्यात नाही. मासे घरी न्यायचे असतील तर तळे सोडण्याआधी बादलीतले तळ्याचे पाणी ओतून देऊन बाटलीतले किंवा नळाचे पाणी भरावे लागते. आता नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, आणि त्याने मासे मरतात. त्यामुळे तिथे तळ्यावर निघताना गळ, दोरी, बादली यांच्या जोडीला क्लोरीन काढलेल्या पाण्याचा एक कॅन घरूनच गाडीत टाकलेला बरा.