मित्रकीटकांसाठी खाद्यकीटकांची निवड

उसावरील खोडकिडीच्या बंदोबस्तासाठी ट्रायकोग्रामाची कार्डे शेतात लावण्याची पद्धत आता पुष्कळ गावांतून परिचित झाली आहे. त्याबरोबर एक तक्रारही ऐकू येते. शेतकरी कार्डे लावतो, औषधाची फवारणी थांबवितो, तरीही उसाचे पोंगे वाळतच राहतात. मग दोष ट्रायकोग्रामाला दिला जातो. वस्तुतः अनेकदा उणीव त्या चिमुकल्या माशीत नसून, ज्या किड्याच्या अंड्यांवर ती पोसली गेली त्याच्या संगोपनात असते.

ट्रायकोग्रामा ही गांधीलमाशीच्या वर्गातील, डोळ्यांस जेमतेम दिसणारी माशी होय. ती आपली अंडी दुसऱ्या कीटकाच्या अंड्यात घालते व तिची पिले ते अंडे आतून खाऊन वाढतात. साहजिकच ही माशी लाखांनी वाढवावयाची तर परकी अंडीही लाखांनी हवीत. ती खोडकिडीचीच का घेऊ नयेत, असा प्रश्न उपस्थित होतो. परंतु खोडकिडीच्या अळीस रोज ताजा ऊस पुरवावा लागेल आणि तो खर्च कोणासही झेपणार नाही. म्हणून धान्यावरील पतंगाची, म्हणजे कॉर्सिराची, निवड केली जाते. त्याची अळी ज्वारी-बाजरीच्या भरड्यावर बारमाही वाढते, पतंगास वेगळे खाद्य लागत नाही, आणि मादी सुटी अंडी घालीत असल्याने ती जाळीखाली गोळा करता येतात.

मात्र हाच पतंग कोठारातील धान्यात जाळी करणारा शत्रू आहे, याचा विसर पडता कामा नये. घराच्या ज्या खोलीत बियाणे व वर्षाचे धान्य साठविले आहे तिच्या शेजारी कॉर्सिराच्या पेट्या मांडणे म्हणजे चोराला शेजार देणे होय. संगोपनाची खोली अलग असावी आणि तिच्या खिडक्यांस बारीक जाळी बसवावी. पतंगाच्या पंखांवरील खवल्यांमुळे काम करणाऱ्यास दम्यासारखा त्रास होऊ शकतो. तोंडानाकास फडके बांधल्यावाचून पतंग पकडू नयेत.

धान्य निवडताना सर्वांत मोठी चूक होते. कीड लागू नये म्हणून औषध चोळलेले धान्य स्वस्तात मिळाले की ते घेतले जाते. त्यात अळ्या वाढतच नाहीत. औषध न लावलेली बाजरी किंवा ज्वारी घ्यावी, प्रत्येक दाण्याचे दोनतीन तुकडे होतील इतपत भरडावी व चांगली तापवून थंड करावी. दर पेटीस अडीच किलो भरडा, १०० ग्रॅम शेंगदाण्याचा कूट आणि ५ ग्रॅम यीस्ट घालतात. कोळ्यांचा उपद्रव टाळण्यासाठी ५ ग्रॅम गंधक मिसळतात. त्यावर अर्धा घनसेंटिमीटर अंडी पसरून पेटी कापडाने घट्ट बांधतात. सुमारे ४० दिवसांनी पतंग निघू लागतात. कापड सैल राहिल्यास ब्रेकॉन माशी आत शिरून अळ्या मारते. शेतात ही माशी मित्रच असते, परंतु या खोलीत तिचा थारा नसावा!

कार्डासाठी अंडी ताजी असावीत. कार्डावर चिकटविल्यावर त्यांना १५ वॅटच्या अतिनील दिव्याखाली, दोन फुटांवरून, ४५ मिनिटे ठेवतात. त्यामुळे आतील गर्भ मरतो, पण अंडे ट्रायकोग्रामाच्या उपयोगी राहते. हे न केल्यास उरलेल्या अंड्यांतून अळ्या निघून शेजारची अंडी फस्त करतात. ग्रामसेवकांनी कार्ड वाटण्यापूर्वी भिंगातून पाहावे. माशीने आपले अंडे घातलेली अंडी काळी पडतात; पांढरी अंडी जास्त असतील तर कार्ड कमकुवत समजावे. काळ्या अंड्यांस बारीक छिद्रे असतील, तर माश्या केव्हाच उडून गेल्या आहेत आणि शेतकऱ्याच्या हाती केवळ कागद येणार आहे. कार्डाचा छोटा तुकडा काचेच्या बाटलीत कापसाचा बोळा लावून ठेवल्यास माश्या निघतात की नाही याची खात्री घरच्या घरी होते.

मावा खाणाऱ्या क्रायसोपाच्या अळ्यांसही कॉर्सिराचीच अंडी चालतात. त्या एकमेकींस खातात, म्हणून प्रत्येकीस स्वतंत्र कप्पा द्यावा लागतो.

द्राक्ष व सीताफळावरील पिठ्या ढेकणास खाणाऱ्या क्रिप्टोलिमस भुंगेऱ्याची गोष्ट निराळी. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९८ साली कॉफीवरील खवलेकिडीसाठी तो दक्षिण भारतात आणला गेला, पण आज उपयोगी पडतो तो पिठ्या ढेकणावर. त्यास जिवंत पिठ्या ढेकूणच लागतात आणि ते लाल भोपळ्यावर उत्तम वाढतात. भोपळा खोल खाचांचा व देठासह घ्यावा. खाचांत पिलांना आसरा मिळतो आणि देठाला धरून तो उचलता येतो. कोठे जखम असल्यास तीवर मेण लावावे, नाहीतर भुंगेरे वाढण्याआधीच भोपळा कुजतो.