इंदुरात सुशी खायची? ‘एकदम फ्रेश है’ ऐकलं की आधी दोन प्रश्न विचारा

धार/देवास : धारहून इंदूर साठ-पासष्ट किलोमीटर, देवासहून जेमतेम पस्तीस-चाळीस. मोठी खरेदी, मोठा दवाखाना, मुलांचं कॉलेज, विमानतळ, सगळ्यासाठी दोन्हीकडची मंडळी इंदूरच गाठतात. आता त्यात सुशीची भर पडली आहे. पुण्या-बंगळुरूहून सुटीवर आलेली मुलं हट्ट धरतात आणि घरचे विचारतात, “समुद्र शेकडो किलोमीटर लांब, तिथे कच्चा मासा खायचा तरी कसा?”

प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर समुद्र किती लांब आहे यावर अवलंबून नाही. मासा किती थंड ठेवून आणला आणि भात कसा केला, यावर आहे. या दोन गोष्टी गिऱ्हाइकाला तपासता येतात. हॉटेलं उघडतात, बंद होतात, आचारी बदलतात. त्यामुळे नावांच्या यादीपेक्षा कसोट्या लक्षात ठेवणं जास्त उपयोगाचं.

जपान इथे आधीच आलेला

जपानी माणूस माळव्याला अगदीच परका नाही. धार जिल्ह्यातल्या पीथमपूरजवळ खेडा इथे ब्रिजस्टोन या जपानी टायर कंपनीचा कारखाना १९९०च्या दशकापासून आहे. देवासला कारखाना असलेली रॅनबॅक्सी ही औषध कंपनी २००८ मध्ये जपानच्या दाइइची सांक्यो कंपनीकडे गेली आणि २०१५ मध्ये सन फार्मात विलीन झाली.

देशातही जपानी जेवण बऱ्याचदा कारखान्यांच्या मागे गेलं. मारुती-सुझुकीमुळे गुरुग्रामला जपानी कुटुंबं आली, त्यांच्यामागून जपानी खाणावळी आल्या. मुंबईत मात्र ते आलं पंचतारांकित वाटेने. ताजमहाल हॉटेलात ‘वसाबी बाय मोरिमोतो’ २००४ मध्ये सुरू झालं. इंदूरसारख्या शहरांत सुशी पोहोचली ती मोठी हॉटेलं, कॅफे आणि ‘पॅन एशियन’ मेनूकार्डावरून. म्हणजे एकाच स्वयंपाकघरात मोमो, थाई करी आणि सुशी. निवड करताना काळजी लागते ती यामुळेच.

सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे

सुशी हा मुळात भाताचा पदार्थ आहे. आखूड दाण्याचा, चिकट होणारा तांदूळ शिजवून त्यात व्हिनेगर, साखर, मीठ मिसळतात. या भाताबरोबर मासा, भाजी, अंडं काहीही असू शकतं. भाताविना नुसते कच्च्या माशाचे काप असतील तर ती ‘साशिमी’. भाताच्या मुटक्यावर माशाचा काप ठेवला की ‘निगिरी’, समुद्री शेवाळाच्या पापडासारख्या पातळ ‘नोरी’त गुंडाळलं की ‘माकी’, म्हणजे आपण ज्याला रोल म्हणतो तो.

सुशीचा जुना प्रकार तर मासा टिकवण्यासाठीच निघाला. मीठ लावलेला मासा भातात दाबून महिनोन्महिने आंबवायचा, ही ती पद्धत. जपानच्या बिवा सरोवराकाठी ‘फुनाझुशी’ आजही अशीच करतात आणि तिला मासा लागतो तो गोड्या पाण्यातला. आज आपण ओळखतो ती निगिरी फार पुढची, १९व्या शतकाच्या सुरुवातीला एदो, म्हणजे आजच्या तोक्योतली. तेव्हा ती रस्त्यावर उभ्याने खायची वस्तू होती, आपल्याकडच्या सराफ्यातल्या चाटसारखी.

‘ताजा’पेक्षा ‘गोठवलेला’ बरा

कोकणातला माणूस मासा घेताना डोळे बघतो, कल्ले उघडून बघतो. शिजवून खायच्या माशाला ती कसोटी बरोबर आहे. पण सुशीच्या हॉटेलात मासा येतो तो सोललेल्या, कापलेल्या तुकड्यांत. ना डोळे, ना कल्ले.

शिवाय कच्च्या माशाचा मोठा धोका ताजेपणाने जात नाही. समुद्री माशांत ‘अनिसाकिस’ नावाचे बारीक कृमी असू शकतात. ते मरतात शिजवल्याने किंवा नीट गोठवल्याने. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार मासा उणे २० अंश सेल्सिअसला सात दिवस, किंवा उणे ३५ अंशांना पूर्ण गोठवून त्याच तापमानात १५ तास ठेवावा लागतो. बर्फाच्या पेटीत मासा शून्य अंशाच्या आसपास राहतो. त्याने तो टिकतो, कृमी मरत नाहीत. घरच्या फ्रीजवरही या कामासाठी भरवसा ठेवता येत नाही.

म्हणून ‘सामन कैसी है?’ विचारल्यावर वेटरने नुसतं ‘एकदम फ्रेश है सर’ म्हटलं, तर ते अर्धंच उत्तर. ‘फ्रोजन आती है, नॉर्वे की है, रात को फ्रीज में डिफ्रॉस्ट करते हैं’ हे उत्तर ऐकायला रुक्ष वाटेल, पण माणसाला आपला माल माहीत आहे असं त्यातून कळतं. आज जगभर सुशीत दिसणारा सामन बहुतेक शेततळ्यांसारख्या समुद्री पिंजऱ्यांत वाढवलेला असतो. खुद्द जपानला कच्च्या सामनची सवय लागली ती १९८०च्या दशकात नॉर्वेने केलेल्या प्रचारानंतर.

गोठवल्याने सगळंच सुटतं असंही नाही. कृमी मरतात, पण जंतू फक्त झोपतात. मासा वितळला की ते पुन्हा वाढतात. ट्यूनासारखा मासा मध्येच गरम राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं. तोंड लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर पित्त उठणं ही त्याची लक्षणं. नंतर शिजवलं किंवा पुन्हा गोठवलं तरी ते जात नाही. एकदा वितळलेला मासा परत फ्रीझरमध्ये टाकणारं हॉटेल त्यामुळे टाळलेलंच बरं.

आणखी एक. धरमपुरी, नेमावरकडे नर्मदेचा मासा चांगला मिळतो म्हणून घरी सुशी करून पाहण्याचा मोह कुणाला होईल. गोड्या पाण्यातल्या माशांत यकृतापर्यंत जाणारे कृमी असू शकतात. नदी-तलावाचा मासा शिजवूनच खावा.

भात बघा, हॉटेल कळतं

मासा पारखता येत नसेल तर भात पारखा. चांगल्या सुशीचा भात अंगाइतका कोमट असतो. दाणा वेगळा दिसतो पण एकमेकांना धरून असतो. चव हलकी आंबट-गोड. भात थंडगार आणि टणक लागला तर तो फ्रीजमधून आला आहे. शिजलेला भात फ्रीजमध्ये ठेवला की कडक होतो, हे सकाळी फोडणीचा भात करणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे. भाताचा लगदा झाला असेल, किंवा वर मेयोनीज आणि तिखट सॉसचे थर असतील, तर खाली काहीतरी झाकलं आहे असं समजायला हरकत नाही.

मेनूकार्डही बोलतं. पन्नास-साठ प्रकारचे रोल आणि टेबलं रिकामी, म्हणजे माल फिरत नाही. दुकानदारीचा हा साधा हिशेब माशाला सगळ्यात आधी लागू होतो. आठ-दहा प्रकार आणि गर्दी असलेलं हॉटेल जास्त भरवशाचं. बुफेत तासन् तास मांडून ठेवलेली सुशी घेऊ नये.

शाकाहारी घरांसाठी

माळव्यातल्या अनेक मराठी घरांत मासा चालत नाही. त्यांच्यासाठी काकडीचा ‘कप्पा माकी’, अवोकाडो, गाजर, मुळ्याचं लोणचं, तळलेल्या भाज्यांचे रोल असतात. पण नाव व्हेज असलं तरी चार गोष्टी विचाराव्यात. मेयोनीजमध्ये अंडं आहे का? सूप किंवा टोफू शिजवताना ‘दाशी’ वापरली का? (हा अर्क बहुधा सुक्या माशाचा असतो.) ‘मिरिन’ घातलं का? (ती गोड तांदळाची मद्यासारखी वस्तू आहे.) आणि सुरी-पाट वेगळे आहेत का? रोलवरचे नारिंगी बारीक दाणे म्हणजे बहुधा माशाची अंडी, आणि ‘क्रॅब स्टिक’ हा माशाच्या लगद्याचा प्रकार.

हिरव्या वसाबीचा बाऊ नको. बहुतेक ठिकाणी ती हॉर्सरॅडिश, मोहरी आणि रंगाची असते. नाकात जाणारी ती झणझण मोहरी फेसणाऱ्यांना ओळखीचीच वाटेल. सोया सॉसमध्ये मात्र गहू असतो, ग्लुटेन न चालणाऱ्यांनी लक्ष द्यावं.

पार्सल नको

धार-देवासकरांसाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा. हजारो किलोमीटर गोठून आलेला मासा बिघडू शकतो तो शेवटच्या साठ किलोमीटरमध्ये. नाशवंत अन्न बाहेरच्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि ३२ अंशांच्या वर उन्हाळा असेल तर एक तासापेक्षा जास्त नाही, असा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य नियम आहे. मे महिन्यात गंगवाल बसस्टँडवरून धारच्या बसमध्ये बसलात की हा तास वाटेतच संपतो. देवास जवळ आहे, पण देवास नाक्यावर गाड्या तुंबल्या की तिथेही तीच गत.

म्हणून कच्च्या माशाची सुशी तिथेच बसून खावी. घरी न्यायचीच असेल तर काकडी-भाजीचे रोल न्यावेत, आणि तेही पोहोचल्या-पोहोचल्या खावेत. गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वयस्कर माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी कच्चा मासा टाळावा. त्यांना शिजवलेली कोळंबी किंवा ‘उनागी’ (भाजलेली वाम) चालू शकते.

बिल वाचा

बिलावर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक हवा. साध्या रेस्टॉरंटात जीएसटी ५ टक्के लागतो, महागड्या खोल्या असलेल्या हॉटेलांच्या आवारात तो १८ टक्के असू शकतो. सेवा शुल्क ऐच्छिक आहे. ते आपोआप बिलात टाकू नये, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पहिल्यांदा जाताना

निघण्याआधी फोन करून दोनच प्रश्न विचारा. “मछली फ्रोजन आती है क्या, और किस दिन?” आणि “सुशी का चावल आज का है?” उत्तर टाळलं तर दुसरं हॉटेल बघा.

गेल्यावर आधी एक काकडीचा रोल आणि एक शिजवलेल्या कोळंबीची निगिरी मागवा. भात जमला असेल तरच सामन सांगा. निगिरी हाताने खाल्ली तरी चालते, जपानमध्येही खातात. सोया सॉसमध्ये भात बुडवू नका, माशाची बाजू टेकवा. आणि पहिल्या घासाला वास उग्र आला, तर पैसे गेले तरी चालतील, ताट बाजूला सारा.