मान्यता गेली, माणसे राहिली

निर्वासितांची छावणी म्हटले की रायपूरच्या समता कॉलनीतील मराठी वाचकाला शहराजवळचे माना आठवते. १९६४ पासून पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबे तेथे उतरवली गेली. त्याच्या दोन दशके आधी कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलिश निर्वासितांची छावणी वसली होती. सोव्हिएत राजवटीने १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेल्यांपैकी सुमारे पाच हजार जण, बहुतांश स्त्रिया व मुले, १९४३ पासून तेथे राहिले.

त्यांना भारतात आसरा मिळावा म्हणून मुंबईतील पोलंडचे महावाणिज्यदूत येउगेनिउश बनाशिन्स्की आणि पोलिश रेडक्रॉसचे काम पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी किरा यांनी मोठी खटपट केली. हे दूत ज्या सरकारचे प्रतिनिधी होते, ते लंडनमध्ये परागंदा होते.

५ जुलै १९४५ रोजी ब्रिटन व अमेरिकेने त्या सरकारची मान्यता काढून वॉर्सातील कम्युनिस्टप्रधान सरकारला दिली. ब्रिटिश अमलाखालील भारतालाही तेच धोरण लागू झाले. त्याच्या पंधरवडाभर आधी मॉस्कोत पोलंडच्या १६ भूमिगत नेत्यांवर खटला चालून बहुतेकांना शिक्षा झाली होती. जुन्या सरकारच्या राजनैतिक अधिकाऱ्यांपुढे पेच उभा राहिला : वॉर्साची चाकरी पत्करावी, की पद, वेतन आणि मायदेश यांवर पाणी सोडावे? बनाशिन्स्की दाम्पत्य पोलंडला परतले नाही. त्यांनी भारतालाच घर मानले. किरा यांचा मृत्यूही २००२ मध्ये येथेच झाला.

सरकार बदलले की अधिकाऱ्याने नव्या सरकारचा आदेश पाळावा, हा प्रशासनाचा सर्वमान्य संकेत आहे. परंतु त्यामागे सरकार जनतेने निवडलेले आहे, हे गृहीत असते. पोलंडमध्ये निवडणूक झाली ती जानेवारी १९४७ मध्ये, आणि तीही दडपशाहीच्या व गैरप्रकारांच्या सावटाखाली. अशा सत्तेला नाकारणाऱ्या अधिकाऱ्यावर शिस्तभंगाचा ठपका कसा ठेवणार?

या प्रश्नाचे उत्तर वळिवडेच्या रहिवाशांनीच दिले. त्यांची मूळ गावे सोव्हिएत हद्दीत गेली होती. १९४८ मध्ये छावणी बंद झाली, तेव्हा मोजक्यांनीच पोलंडची वाट धरली. बाकीचे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेकडे वळले. ज्यांच्यासाठी वकिलात चालवली, त्यांनी आणि ती चालवणाऱ्यांनी अखेर एकच निर्णय घेतला होता.