पोटापुरती जमीन: निपाणी ते कणकुंबी

डिसेंबर १९२४च्या बेळगाव काँग्रेसचे अध्यक्ष गांधीजी होते. हे पद त्यांनी आयुष्यात एकदाच घेतले. त्याच अधिवेशनात ठरले, की सभासदाने वर्गणी सुतात भरायची, महिन्याला २,००० वार. पुढच्याच वर्षी सुताऐवजी चवन्नी भरून सभासद होण्याची वाट पुन्हा मोकळी झाली. बेळगावचे काँग्रेस नेते गंगाधरराव देशपांडे यांच्या हुदली गावात मात्र खादी रुजली. अंगावरचे कापडही स्वतःच तयार करायचे म्हटले तर काय होते, हे या भागाने असे आधीच करून पाहिले आहे. म्हणून कापड बाजूला ठेवू. पोटाचे बघू: स्वतःपुरते पिकवून खायचे, तर बेळगाव जिल्ह्यात जमीन कुठे घ्यावी?

खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला, जिथे मलप्रभा उगम पावते, वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या अथणीला सहाशेही मुश्किलीने. कणकुंबीकडे भात पिकतो, जळण-पाण्याची ददात नाही. पण उभ्या पिकात गवे शिरतात आणि पावसाळ्यात दवाखाना फार लांब पडतो. अथणीकडे जोंधळा चांगला, पण पाण्यासाठी आभाळाकडे किंवा कृष्णेकडे बघायचे.

मग निपाणी? वेदगंगा-दूधगंगेचे पाणी, काळीभोर जमीन. कागदावर याहून सरस जागा नाही. पण ही जमीन पिढ्यानपिढ्या तंबाखूला दिली गेली. (खाता येतो म्हणा तंबाखू, पण त्याने पोट भरत नाही.) पीक घरात ठेवून खाता येत नसले, की भाव व्यापारी सांगेल तो. १९८१मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले ते भावासाठीच. ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात त्यांतले काही मारले गेले. आता तिथे ऊस वाढलाय. तोही फडातून थेट कारखान्याला.

बेळगावच्या दक्षिणेला येळ्ळूर, धामणे, वडगावचे शिवार बासमतीचे. तिथे भात घरीही राहतो आणि विकलाही जातो. पण शहर अंगावर आलेय. हलगा-मच्छे बायपाससाठी तिबार पिकाची जमीन जाऊ नये म्हणून शेतकरी वर्षानुवर्षे भांडले.

कायद्याचेही बघावे लागते. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहसा घेता येत नाही. कर्नाटकाने २०२०मध्ये ती अट काढली. मात्र सातबाराच्या जागी कन्नड पहाणी हातात येते. ती वाचून देणारा शेजारी विहिरीइतकाच गरजेचा.

मला विचाराल तर मी बेळगावच्या पश्चिमेची लाल माती घेईन, मार्कंडेय नदीच्या आसपास. पावसाळ्यात भात, बांधावर नाचणी, परड्यात मिरची, दावणीला एक म्हैस. माळाला रताळी. इथली रताळी ट्रक भरभरून उत्तरेत उपवासाला जातात. त्यातून मीठ, औषध, मुलांची फी भागते. आणि भाव पडलाच, तर रताळी उकडून खाता येतात.