सरखेलांचं दस्तक

न्हावा शेव्याच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कंटेनर जहाजाला आधी बंदराची देणी चुकवावी लागतात आणि कस्टमकडून ‘पोर्ट क्लिअरन्स’ घ्यावा लागतो. त्याशिवाय कप्तान दोर सोडत नाही. २६ मे १९८९ रोजी हे बंदर सुरू झालं तेव्हापासूनचा हा शिरस्ता. त्याला लूट म्हणावं असं कुणाच्या मनातही येत नाही. बाहेर पडून दक्षिणेला वळलेल्या जहाजाला डाव्या हाताला खांदेरी लागते. तिच्यावरच्या १८६७ च्या दीपगृहाला कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे. तीनशे वर्षांपूर्वी याच पाण्यात कान्होजी ये-जा करणाऱ्या गलबतांकडे दस्तक, म्हणजे आपला परवाना, मागत आणि मुंबईकर इंग्रज त्यांना चाचा म्हणत.

आंग्रे मूळचे संकपाळ. पुण्याकडच्या आंगरवाडीवरून आंग्रे झाले. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. कान्होजींनी नाव काढलं ते सिद्दीविरुद्ध सुवर्णदुर्ग झुंजवून. १६९८ मध्ये आरमारप्रमुख सिधोजी गुजर गेल्यावर आरमार त्यांच्या हाती आलं आणि आरमारप्रमुखाचा ‘सरखेल’ हा किताबही. ताराबाई आणि शाहू यांच्या तंट्यात ते ताराबाईंच्या बाजूला. १७१३ मध्ये शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे त्यांच्यावर चालून आले, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद करून आपल्या कुलाबा किल्ल्यावर नेऊन ठेवलं. वर घाट चढून लोहगडही घेतला! शाहूंच्या वतीने तोड काढायला गेले बाळाजी विश्वनाथ. तेही कोकणचे, श्रीवर्धनचे. पिंगळे सुटले, सरखेली कान्होजींकडे कायम झाली आणि खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग धरून २६ किल्ले-ठाणी त्यांच्याकडे राहिली. तलवारीपेक्षा हा तहच मला त्यांच्या कर्तबगारीची खरी खूण वाटतो. छत्रपतींना मान दिला, समुद्र मात्र स्वतःकडे ठेवला.

आता दस्तकाविषयी. परवाना विकत घेतल्याशिवाय जहाज जाऊ द्यायचं नाही ही रीत पोर्तुगीजांनी दोनशे वर्षांपूर्वीच या किनाऱ्यावर बसवली होती. त्यांच्या परवान्याला ‘कार्ताज’ म्हणत. इंग्रजही आपले पास देत. मग कान्होजींचं चुकलं कुठे? तर त्यांनी तीच रीत उलट्या दिशेने लावली. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांबद्दल फारशी तक्रार नव्हती. तंटा होता तो देशी व्यापाऱ्यांचा माल इंग्रजी निशाणाखाली, दस्तक चुकवून नेण्याचा. कंपनीच्या नोकरांचा खासगी व्यापार त्यावरच पोसला जात होता. दुखणं तिथे होतं.

हे दस्तक वसूल व्हायचं ते गुराबा आणि गलबतांच्या बळावर. गुराब दोन-तीन डोलकाठ्यांची, तळ उथळ, मोठ्या तोफा नाळेवर. गलबत हलकं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की इंग्रजांचं अवजड जहाज जागच्या जागी डुलत राही. तेव्हा गलबतं गुराबांना दोर लावून ओढत नेत, थेट त्याच्या पिछाडीला, जिथे त्याच्या बाजूच्या तोफा पोचत नाहीत. आधी शिडं-दोर तोडायचे, मग वर चढायचं. खाड्यांतल्या उथळ पाण्यात पाठलाग करणं इंग्रजांना जमण्यासारखं नव्हतं.

१७१२ मध्ये मुंबईचे गव्हर्नर एस्लाबी यांची खास नौकाच कान्होजींच्या आरमाराने धरली. तीत कारवार वखारीचा प्रमुख मारला गेला. त्याच्या पत्नीच्या सुटकेला ३०,००० रुपये मोजावे लागले. १७१८ मध्ये गव्हर्नर बून यांनी खांदेरीवर हल्ला चढवला, तो फसला. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले, बरोबर ब्रिटिश राजाच्या आरमाराचा कमोडोर मॅथ्यूज. हल्ला कोलमडला, मॅथ्यूजच्या मांडीला भाला लागला आणि त्या संतापात त्याने पोर्तुगीज सेनापतीच्या तोंडात आपली काठी कोंबली. ही गंमत क्लेमंट डाउनिंग या इंग्रजाने लिहून ठेवली आहे. कान्होजींच्या मदतीला बाजीराव आले होते; पोर्तुगीजांनी परस्पर तह केला आणि इंग्रज हात हलवत परतले.

डाउनिंगचं पुस्तक १७३७ चं आणि त्यात आंग्रे चाचाच आहेत. कान्होजींचं पहिलं चरित्र शत्रूच्या हातचं, असंच म्हणायला हवं. याच्या उलट उदाहरण जर्मनीतलं. तिथे गॉट्झ फॉन बर्लिशिंगन नावाचा सरदार होऊन गेला. १५०४ च्या लढाईत उजवा हात गेला, लोखंडी हात बसवून तो पुढेही लढत राहिला. व्यापाऱ्यांचे तांडे अडवणारा म्हणून त्याचीही ख्याती वाईटच. पण म्हातारपणी त्याने स्वतःची हकीकत लिहिली, तिच्यावरून गटेने १७७३ मध्ये नाटक केलं आणि दरोडेखोर सरदार जर्मनांचा नायक झाला. कान्होजी ४ जुलै १७२९ रोजी वारले. मागे पत्रव्यवहार उरला, आत्मकथन नाही. मनोहर माळगावकरांचं त्यांच्यावरचं पुस्तक आलं ते १९५९ मध्ये, तेही इंग्रजीत.

मुलांत भाऊबंदकी माजली. तुळाजी आणि पेशव्यांचं बिनसलं. नानासाहेबांनी इंग्रजांना हाताशी धरलं आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचं आरमार जळून खाक झालं. पेशवाईची इतकी महागडी चूक दुसरी शोधावीच लागेल. त्याच्या आदल्या वर्षी सुवर्णदुर्ग घेणाऱ्या कंपनीच्या विल्यम जेम्सच्या स्मरणार्थ त्याच्या विधवेने लंडनला शूटर्स हिलवर तिकोनी मनोरा उभारला. १७८४ चा तो ‘सेव्हर्नड्रूग’ (म्हणजे सुवर्णदुर्ग) कॅसल आजही आहे. आंग्र्यांचं नाव मात्र समुद्रातच राहिलं: विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत, समुद्राखाली प्रवाळांचं पठार आहे, त्याला नकाशावर ‘आंग्रिया बँक’ म्हणतात.

खांदेरीवर थळच्या बाजूने होडीने जाता येतं. बेटावर वेताळाचं देऊळ आहे, कोळ्यांची त्याच्यावर श्रद्धा. चाकांच्या गाड्यांवर चढवलेल्या तोफा अजून तिथे आहेत, आणि एक शिळा अशी की दगडाने ठोकली तर भांड्यासारखी वाजते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग हे तिन्ही आहेत.

कुलाब्याचं आंग्रे संस्थान १८४० मध्ये कंपनीने दत्तक नाकारून खालसा केलं. पुढे याच धोरणापायी गव्हर्नर जनरल डलहौसीचं नाव देशभर बदनाम झालं. मुंबईतल्या नौदल तळाचं नावही ‘डलहौसी’ होतं. १५ सप्टेंबर १९५१ रोजी ते बदलून ‘आयएनएस आंग्रे’ केलं.