आधी कवटी, मग गाडगं

अमरावती-अकोल्याकडच्या पोरांना माणसाचा चेहरा काढायला सांगितला, की बहुतेक वह्या गाडगेबाबांपासून सुरू होतात. नाहीतर तुकडोजी महाराज, गजानन महाराज. बाबा शेंडगावचे, तुकडोजी महाराज यावलीचे, म्हणजे घरचीच माणसं. डोक्यावर गाडगं, पांढरी दाढी, हातात खराटा एवढं काढलं की बघणारा ‘हुबेहूब!’ म्हणतो. पहिला गैरसमज इथंच रुजतो. गाडगं, दाढी नि खराटा हाताने झाका आणि उरलेल्या चेहऱ्यात बाबा दिसतात का ते पाहा. बहुधा दिसत नाहीत, कारण ओळख चेहऱ्याने पटवलेलीच नसते.

शिवाय गाडगं असो, टोपी असो की डोईवरचा पदर, खालची कवटी नजरेआड होते. नवशिक्याला वाटतं, डोळे चेहऱ्याच्या वरच्या भागात असतात. मोजून पाहा: माथ्यापासून हनुवटीपर्यंतच्या उंचीत मोठ्या माणसाचे डोळे जवळजवळ मध्यावर येतात, लहान मुलाचे तर मध्याच्याही खाली. आपली नजर डोळे, नाक, ओठ यांवर खिळते. कपाळ आणि केस रिकामे वाटतात, म्हणून हात त्यांना कमी जागा देतो आणि डोकं वरून छाटल्यासारखं दिसतं. म्हणून आधी पूर्ण कवटी काढावी, गाडगं त्यावर नंतर ठेवावं.

‘डोळे जमले की चेहरा जमला’ हे तर शिकवणारेही सांगतात. मला ते पटत नाही. अमरावतीच्या राजकमल चौकात रस्त्यापलीकडे उभा असलेला मित्र आपण ओळखतो, तेव्हा त्याच्या पापण्या आपल्याला दिसत नसतात. ओळखू येतात ती अंतरं: दोन डोळ्यांमधलं, नाकापासून ओठापर्यंतचं, जबड्याची रुंदी. हात ताठ धरून, एक डोळा मिटून पेन्सिलीने ही अंतरं मापायची सवय पापण्या रंगवण्याआधी लागायला हवी. फोटो उलटा ठेवून काढण्याचा सरावही म्हणूनच उपयोगी आहे. 1980 साली मानसशास्त्रज्ञ पीटर थॉम्प्सन यांनी मार्गारेट थॅचर यांच्या फोटोतले फक्त डोळे आणि तोंड उलटे केले. अख्खा फोटो उलटा धरला तर ही मोडतोड पटकन लक्षातच येत नाही. सुलट चेहरा आपण झटकन ओळखून मोकळे होतो, नीट बघत नाही. उलट्या चेहऱ्यात ओळखीची घाई सुटते आणि रेषा दिसू लागतात.

मोबाईलवरचा फोटो म्हणजे सत्य, हाही भ्रमच. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात गणिताने दाखवलं, की 12 इंचांवरून घेतलेल्या सेल्फीत नाक 5 फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. फोटोवरून काढायचंच असेल तर तो चार-पाच फूट लांबून घ्या.

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांत ‘ए’ ग्रेड नाही, म्हणून चेहरा जमणार नाही, असं समजून कितीतरी मुलं पेन्सिल ठेवतात. त्या परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन असतं. समोर माणूस बसवून चेहरा काढायचा पेपर नसतो. जे तपासलंच नाही, त्यावरून निकाल कसा लावायचा?

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो आपल्या सावळ्या चेहऱ्यांवर. सावळा रंग म्हणजे पेन्सिल घासघासून सगळीकडे सारखाच काळा, असं मानलं जातं. खरं तर उन्हात कष्टलेल्या सावळ्या कातडीवर कपाळ, गालाचं हाड आणि नाकाच्या शेंड्यावरची चमक अधिकच उठून दिसते. तिथला कागद जवळपास कोरा सोडावा लागतो. काळेपणा 4बी किंवा 6बीने फक्त खोल सावलीत द्यावा. उलट डोळ्यातलं पांढरं कधीच पांढरंशुभ्र नसतं. बुबुळाभोवतीचा गोळा वळलेला असतो आणि वरच्या पापणीची सावली त्यावर पडते.

हे सगळं उजेडावर अवलंबून आहे. सावळाराम हळदणकरांनी आपल्या मुलीला समोर उभं करून काढलेलं, हातातल्या दिव्याने उजळलेलं जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यात चेहरा घडवणारा प्रकाश त्या एका दिव्याचाच. आपल्याकडे वैशाखातलं दुपारचं ऊन डोक्यावरून येतं, डोळ्यांच्या खोबणी काळ्या करतं आणि गालांचा उतार पुसून टाकतं. त्यापेक्षा सकाळी आजीला ओसरीच्या दाराशी बसवा, उजेड एकाच बाजूने येऊ द्या आणि आधी फक्त सावलीचा आकार कागदावर उतरवा. ती बोलत राहिली, हलली, तरी चालेल. नवीन कागद घ्या आणि पुन्हा माथ्यापासून सुरुवात करा.