दहा सेकंदांचा हिशेब

सांता क्लाराहून समुद्राकडे निघालेली आपली मंडळी बहुधा सांताक्रूझच्या वाळूतच रमतात. तिथून हायवे एकने उत्तरेला अर्ध्यापाऊण तासावर पिजन पॉइंटचे ११५ फुटी दीपगृह आहे. १८५३ साली ‘कॅरियर पिजन’ हे जहाज इथल्या खडकांवर फुटले, त्यावरून हे नाव. पुढेही जहाजे फुटतच राहिली. दिवा लागला तो १८७२ च्या नोव्हेंबरात. (आपल्या खांदेरीचे दीपगृह १८६७ चे, म्हणजे पाच वर्षांनी थोरले!)

मला भुरळ पडते ती त्याच्या गणिताची. खलाशाला नुसता उजेड दिसून भागत नाही. तो कुठला, हे कळावे लागते. एक दिवा दुसराच समजून सुकाणू वळवले, तर त्यापेक्षा काळोख परवडला. म्हणून दिव्यादिव्याचा ताल वेगळा. इथे फ्रेनेल पद्धतीचे भिंग होते: १,००८ भिंगे व लोलक गोल पिंजऱ्यासारखे २४ तावदानांत रचलेले. प्रत्येक तावदान विखुरणारा उजेड गोळा करून त्याचा एक झोत करी. दिवा मध्ये स्थिर. पिंजरा चार मिनिटांत एक फेरा घेई. २४० सेकंद भागिले २४, म्हणजे दर दहा सेकंदांनी एक झोत! पिंजरा फिरे तो लोंबत्या वजनावर चालणाऱ्या घड्याळी यंत्राने, आणि ते वजन रखवालदार रात्रभर पुन्हापुन्हा वर ओढून घेत. त्यांचा डोळा लागून चालणार नव्हते. ताल चुकला की दिवा खलाशाशी खोटे बोलणार.

१९७४ मध्ये दिवा स्वयंचलित झाला. २००१ मध्ये वरच्या बांधकामाचा भाग कोसळून मनोरा लोकांना बंद झाला, आणि २०११ मध्ये ते भिंगही खाली उतरवले. जागी आलेल्या आधुनिक दिव्याला ताल मात्र जुनाच दिला: दहा सेकंदांना एक.